पाण्यातला संत

कोरियातल्या फुटबॉल क्लबात वाल्मिर आणि जोएल्सन दोघेही ब्राझीलचे, दोघेही बचावपटू. संघात जागा मात्र एकाचीच. बाकावर बसून वैतागलेल्या वाल्मिरनं शेवटी आई करायची तेच केलं. 'मला खेळायला मिळेपर्यंत सुटका नाही,' असं संताला बजावून संत अंतोनियोची मूर्ती पाण्याच्या ग्लासात उलटी बुडवली.

त्याच आठवड्यात जोएल्सनचा गुडघा गेला आणि वाल्मिर मैदानात उतरला. पण मूर्ती बाहेर काढायचा त्याला धीर होईना.

कुबड्या टेकत वाल्मिरच्या घरी जेवायला आलेल्या जोएल्सनला तो ग्लास दिसला. त्याचे डोळे भरून आले.

"गाढवा, माझ्या गुडघ्यासाठी संताला उलटं केलंस? आणि मी समजायचो, तू माझ्या जागेवर टपलायस! आता मी बरा होईपर्यंत काढू नकोस हं त्याला."



वाल्मिरनं मान खाली घालून ग्लासात आणखी थोडं पाणी ओतलं.