राखणदाराची विडी

भर उन्हात झुडपं हवेतला कार्बन ओढून घेतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. मग समुद्रकाठचा हा सडा, हे झुडपांचं कातळपठार, दर बुधवारी दुपारी बाराला उलट कार्बन सोडतोय, असं टॉवरवरचं कार्बन मोजणारं यंत्र का म्हणत होतं? यंत्र सांभाळणाऱ्या संशोधक वैजयंतीनं तारा बदलल्या, भिंगं पुसली. आलेखातलं ते टोक काही हटेना. शुक्रवारी अहवाल द्यायचा होता आणि तिची मती पार गुंग झाली होती.

या बुधवारी ती टॉवरखालीच ठाण मांडून बसली. बाराच्या ठोक्याला रखवालदार सगुणमामा चपला काढून शिडी चढले. यंत्राला चिकटून त्यांनी पेटती विडी ठेवली आणि हात जोडले.

"मामा, हे काय?"

"जागेच्या राखणदार देवाक विडी नको, बाय?"

"पण ती वर कशाला?"

आता मामाच गोंधळले. "त्याची करवंदीची जाळी तुमीच तोडलास मा, ह्यो टावर उभो करूक? मगे तो रवतलो खंय? आता टावरच त्याचा घर."

वैजयंतीनं पायाखाली पाहिलं. करवंदीच्या जागी टॉवरचा सिमेंटचा चौथरा उन्हात तापत होता. वहीतल्या 'बिघाडाचं कारण' या रकान्यात विडी लिहावी की चौथरा, हे तिला उमगेना.