आईच्या कॅमेऱ्याचा पट्टा

"हा मानेला काचतो," मुलाने निकाल दिला आणि चौथा पट्टा गळ्यातून काढून काउंटरवर ठेवला.

मुलगा म्हणजे तसा अठ्ठावन्न वर्षांचा. विमा कंपनीत साहेब होता, दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाला. त्याची एकोणऐंशी वर्षांची आई दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर बसून त्याच्याकडे कौतुकाने बघत होती.

"डॉक्टरांनीच सांगितलंय, पट्टा वापरा म्हणून," ती कारागिराला म्हणाली.

"आई, ते मानेच्या पट्ट्याबद्दल बोलत होते. मान हलू नये म्हणून लावतात तो!"

"मग हा काय पायात घालतात?"

चामड्याच्या पिशव्या आणि पट्टे शिवणारा कारागीर खाली मान घालून डिंक कालवत राहिला. हसू लपवायला ते काम बरं पडतं.

आई आयुष्यभर फोटो काढत आली होती. आता तिचं पुस्तक निघणार होतं. गावातल्या, हातांनी काम करणाऱ्या शंभर माणसांचे फोटो. एकोणनव्वद झाले होते, त्यात हा कारागीरही होता. अकरा राहिले आणि मान रुसली. लेन्ससकट कॅमेरा अडीच किलोचा. दुसरा हलका घे म्हटलं, की ती म्हणायची, "याला माझी सवय आहे. आता या वयात मी कोणाला वळण लावू?"

शेवटी मुलाने अट घातली होती. आज चांगला पट्टा मिळाला नाही, तर कॅमेरा कपाटात. आई लगेच "बरं" म्हणाली. आईने एका फटक्यात बरं म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याची बायकोही खुशीत होती. स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवून झाल्यावर तो आता खण आवरायला घेणार होता, पण तिने त्याला जवळजवळ दाराबाहेरच काढलं. "आईंबरोबर जा तुम्ही. सावकाश या, काही घाई नाही," ती म्हणाली.

एकही पट्टा पसंत करायचा नाही, हे त्याने घरीच ठरवलं होतं. आईची काळजी होती, दुसरं काय! रात्री कूस बदलताना ती कण्हायची, ते त्याला पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं.

"माझी मान आधीच आखडलीय," आईने दुकानात शिरताच सांगितलं होतं. "तूच घालून बघ आणि खरं काय ते सांग. तुझ्यासारखी खोट कोणाला काढता येत नाही."

ते मात्र खरं होतं. पहिला पट्टा काखेत घासत होता. दुसऱ्याचं बक्कल बरगडीत रुतत होतं. तिसऱ्यात वाकलं की कॅमेरा गुडघ्यावर आपटायचा.

"आणखी काही?" त्याने विजयी मुद्रेने विचारलं.

कारागिराने डोकं खाजवलं. मग खालच्या खणातून दोन्ही खांद्यांवरून जाणारा एक तपकिरी पट्टा काढला. "हा एक आहे. पण गिऱ्हाईकाची ऑर्डर आहे, साहेब. घालून बघायला हरकत नाही."

त्याने घातला. एकही बक्कल सरकवावं लागलं नाही. तो दुकानभर फिरला, वाकला, उकिडवा बसला, उठला. कॅमेरा छातीशी शहाण्यासारखा पडून राहिला.

"कसा आहे?" आईने विचारलं.

खोटं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण सबंध नोकरी लोकांचं खोटं पकडण्यात गेली होती. "वजनच जाणवत नाही," तो कसाबसा म्हणाला.

आईने हौसेने पट्टा घेतला, अंगावर चढवला. कॅमेरा तिच्या मांड्यांवर लोंबायला लागला.

"लहान करून देता येईल?" त्याने विचारलं.

"कापला तर बिघडेल. नवीन शिवायचा तर दीड महिना. असं चामडं लगेच मिळत नाही."

"राहू दे," आई म्हणाली. तिने लेन्सला झाकण लावलं. "ठरलं ते ठरलं. एकोणनव्वद म्हणजे काही कमी नाहीत." आणि तिने पदराने कॅमेरा पुसला. पुसून स्वच्छ झाला तरी पुसतच राहिली.

त्याला ते बघवेना. "अकराच ना?" तो म्हणाला. "मी उचलतो कॅमेरा. तू फक्त फोटो काढताना हातात घे."

"तू? रोज यावं लागेल. उन्हातान्हात, दहा ते पाच."

"तेवढी सवय आहे मला. ऑफिसात माझ्या हाताखाली तीन पट्टेवाले होते, आता मी तुझा पट्टेवाला!"

आई खळखळून हसली. मानेला हात लावून हसली. "दे रे बाबा बांधून," तिने कारागिराला सांगितलं.

"थांब!" मुलगा म्हणाला. "दुसऱ्याची ऑर्डर आहे ती. अशी परस्पर उचलायची नाही. आधी त्यांना विचारा."

"अरे, कशाला उगाच," आई घाईने म्हणाली. "तो बघून घेईल त्यांचं."

"नाही. नियम म्हणजे नियम. लावा फोन, मी स्वतः बोलतो."

कारागिराने आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं. साहेब काउंटरवर कोपर टेकून उभेच होते. शेवटी कारागिराने नंबर लावला आणि हात डिंकाने बरबटलेले म्हणून फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला.

"बोला दादा!" फोनमधून मुलाच्या बायकोचा आवाज आला. "बसला का हो यांना? कोटावरून माप दिलं होतं, म्हणून धाकधूक होती. आणि आमच्या आईंना सांगा, अकरा संपले की लगेच पुढचे शंभर घ्या म्हणावं!"