मंजुषाचा पत्रा

मंजुषानं परातीवरचा ओला फडका काढला आणि कुणाकडेही न बघता भट्टीसमोर खाली बसली. परातीत पिठाचे दोन मोठे गोळे होते, एक लालभडक, एक पोपटी. नाशिकची थंडी यंदा चांगलीच पडली होती, त्यामुळे पीठ हवं तसं घट्ट राहिलं होतं. नाताळ तोंडावर आलेला, आणि यादवच्या बेकरीत चर्चच्या मंडळीतल्या बायांची आपापले डबे घेऊन रांग लागलेली.

नानकटाईचं सोपं असतं. साचा फिरवला की झालं, तिला कुणाची गरज लागत नाही. रंगीत बिस्किटांचे मात्र फार लाड. लिंबाएवढे गोळे हातावर वळायचे, पिठीसाखरेत घोळायचे, पत्र्यावर मांडायचे आणि पत्रा लगेच भट्टीत सारायचा. मग वरचा पांढरा थर तडकतो आणि भेगांमधून आतला रंग दिसतो. हात मंद चालला की साखरेला पाणी सुटतं आणि बिस्कीट बसकं, चिकट निघतं. म्हणून जिची पाळी असेल तिच्या परातीभोवती रांगेतल्या सगळ्या बाया न बोलावता बसतात. कुणी कुणाला 'ये गं' म्हणायचं नसतं.

आज मंजुषाच्या परातीभोवती कोणी बसलं नाही.

ज्ञानेश, तिचा नवरा, ट्रकवर होता. पावसाळ्यात एड्सनं गेला. मंजुषाची तपासणी झाली, तिच्यात काही निघालं नाही, आणि निघालं असतं तरी हात लावल्यानं, एकत्र खाल्ल्यानं तो आजार कुणाला होत नाही, असं डॉक्टरांनी तिला दोनदा समजावलं होतं. बायांच्या प्रार्थनेत उभं राहून तिनं हे सगळं सांगितलं होतं. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. आभार मानायला काय जातं?

घरी तिची संजना ताटल्या पुसून बसली होती. नाताळला आळीत घरोघर बिस्किटांच्या ताटल्या पोचवायचं काम त्या पोरीचं. मंजुषानं रात्रंदिवस एकच विचार केला होता. ज्या पिठाला चारचौघींचे हात लागले, त्याची ताटली कुठल्या दारातून परत येणार? आणि हात लागलेच नाहीत, तर दारातून परत फिरलेल्या पोरीला काय सांगायचं?

तिनं एकटीनंच वळायला सुरुवात केली. रांगेतल्या शुभांगीला एकदम आपला डबा शोधायची घाई झाली. एकीचा गुडघा धरला. गुडघे तरी किती सोयीचे असतात! दोघी भिंतीला टेकून पाळकांच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलू लागल्या, तेही जरा मोठ्यानंच.

पत्रा अर्धाही भरला नव्हता आणि पहिल्या ओळीतल्या गोळ्यांची साखर ओली दिसायला लागली. मंजुषा घाईघाईनं वळू लागली. वळलेला गोळा धड गोल होत नव्हता.

"बाई, हात उचला जरा," यादव भट्टीपाशी उभ्या उभ्या म्हणाला. "लय थांबता नाय येत. भट्टीची आच उतरती हाय."

"झालंच," ती म्हणाली. झालेलं काहीच नव्हतं.

तेवढ्यात सुलाबाई उठल्या. मंडळीत सगळ्यांत मोठ्या, त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्या सरळ परातीकडे आल्या. मंजुषाच्या जिवात जीव आला. तिनं सरकून त्यांना जागा करून दिली. डोळे भरून येत होते, ते तिनं दंडाला पुसले.

सुलाबाई पाटावर टेकल्या. थैलीतून त्यांनी प्लास्टिकच्या दोन पिशव्या काढल्या, एकेक हात एकेका पिशवीत घातला आणि मनगटाशी गाठी मारायला शुभांगीपुढे हात केले.

"थंडीनं हात फुटलेत गं माझे," त्या मंजुषाला म्हणाल्या. "साखर झोंबते." आवाजात खरोखर माया होती. तीच मंजुषाला सोसवेना.

शुभांगीनं गाठी मारल्या आणि तिथूनच हाक दिली, "यादवभाऊ, अजून पिशव्या असतील का हो?"

यादवकडे पावाच्या पिशव्यांचा गठ्ठाच होता. मग एकेक करून सगळ्या आल्या. ज्यांचे हात फुटले नव्हते त्याही आल्या. परातीभोवती दाटी झाली, हातावर चुरचुर आवाज करत गोळे वळले जाऊ लागले, लाल, पोपटी, लाल, पोपटी. कुणीतरी चेष्टा केली, कुणीतरी हसलं. बघता बघता पत्रा भरत आला.

शुभांगीनं उरलेली एक पिशवी मंजुषासमोर धरली. "तू पण घाल ना. म्हणजे कसं, सगळ्यांचं सारखंच."

मंजुषानं आपल्या उघड्या हाताकडे पाहिलं. तो पिठानं लाल झाला होता. शुभांगीच्या तोंडावर परात उपडी करावी, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिला ताटल्या पुसून बसलेली संजना दिसली. तिनं पिशवी घेतली आणि हात आत घातला.

पुढचा गोळा तिनं उचलला. तो गार होता की मऊ, हाताला काहीच कळत नव्हतं. तरी ती वळत राहिली.

सुलाबाईंनी पिशवीतल्या हातानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"उगाच जिवाला लावून घेत होतीस," त्या म्हणाल्या. "आल्या की नाही सगळ्या?"