मूठभर भेंडी

नळ्यांतलं जांभळं द्रावण पिवळं पडलेलं पाहून प्रयोगशाळेच्या मदतनीस कलावतीबाई धावतच संशोधक मॅडमकडे गेल्या. भेंडीच्या चिकापासून जखमेवरचं जेल बनवायचा मॅडमचा प्रकल्प आज विभागप्रमुख सर बंद करणार होते.

"मॅडम, माझंच चुकलं," त्यांनी एका दमात सांगितलं. "शेगडी बिघडली, म्हणून भेंडी उकळलीच नाही; थंड पाण्यात भिजत घातली आणि तेच पाणी नळ्यांत ओतलं."

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. "बाई, हा जांभळा रंग उडावा म्हणून तर आठ महिने धडपडतेय. उडाला म्हणजे जेलमध्ये अँटिऑक्सिडंट आहेत, जखम भरेल. उकळून आपणच त्यांची वाट लावत होतो."

त्यांनी घाईघाईनं वही उघडली. "पाणी किती?"

"भेंडी बुडेल एवढं."

"आणि भेंडी?"

"मूठभर."

सर दारात आले, तेव्हा कलावतीबाई वजनकाट्यावर मूठमूठ भेंडी टाकत होत्या.

"सर, प्रकल्प बंद करायचं जरा थांबवा," मॅडम म्हणाल्या. "बाईंची मूठ मोजून व्हायचीय."