पत्त्यावरचा माणूस

दारावरची पाटी गेली, तेव्हा रुपरावला राग आला नाही. कॉलेजातून येऊन त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि पाहिलं, तर दोन खिळे तेवढे उरले होते. पत्र्याच्या त्या तुकड्यावर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलं होतं: रुपराव गजभिये, एम.एस्सी. कुणाला तरी ते खुपलं असणार.

सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत येऊन त्याला वर्ष होत आलं होतं. आई गेल्यावर उमरेडकडचं गाव सुटलं. एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याला हंगामी नोकरी होती; परीक्षा संपल्या की तीही संपे. गल्लीत त्याचं कुणाशी वैर नव्हतं, आणि सलगीही नव्हती. लोक त्याला मास्तर म्हणत आणि आपल्या कामाला लागत. समोरचे चंपतराव तर तेवढंही बोलत नसत. आणीबाणी लागली तेव्हा त्यांच्या मुलाला, बळीरामला, पोलिसांनी पकडलं होतं आणि तो अजून तुरुंगातच होता. म्हातारा दिवसभर ओट्यावर बसून गल्लीच्या तोंडाकडे पाहत राही.

पण आता हे फार दिवस सोसायचं नव्हतं. झांबिया सरकारला शाळांसाठी विज्ञानाचे शिक्षक हवे होते. रुपराव मुंबईला मुलाखत देऊन आला होता आणि निवडलाही गेला होता. डिसेंबर संपण्याआधी पासपोर्ट दाखवायचा, की विमानाचं तिकीट तेच देणार होते. त्यानं नकाशात लुसाका शोधून ठेवलं होतं. विषुववृत्ताच्या खाली. म्हणजे वर्षातला बराच काळ तिथं दुपारची सावली दक्षिणेकडे पडणार. आपलीच सावली उलट्या बाजूला पाहायची, या कल्पनेनं त्याला एकट्यालाच हसू येई.

गल्लीत त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. मागे एकदा विलायतेच्या शिष्यवृत्तीचं आधीच बोलून बसला होता. ती मिळाली नाही, आणि गावातली पोरं त्याला 'लंडन' म्हणून हाक मारू लागली. या वेळी पासपोर्ट हातात पडल्यावरच तोंड उघडायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

पासपोर्टाआधी पोलिसांची चौकशी व्हायची होती. ठाण्याचा माणूस पत्त्यावर येतो, शेजारीपाजारी चार गोष्टी विचारतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून रविवारी तो धुतलेला सदरा घालून घरातच बसे. इतर दिवशी कॉलेजातून आला की नळावर यमुताईंना विचारी. यमुताईंची खोली त्याच्या खोलीला लागून होती.

"मले विचारत कोणी आलं होतं का, यमुताई?"

"तुले कोण विचारते गा मास्तर?" बादली उचलत त्या म्हणत. "लग्नाचं जमवून राहिला का कुठं?"

नळावरच्या बाया हसत. तोही हसे.

पाटी गेली त्या संध्याकाळीही त्यानं विचारलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"कोणी नाही आलं," यमुताई म्हणाल्या. "जा, हातपाय धुऊन घे."

त्यानंतर गल्ली आणखीच परकी झाली. तो वळणावर दिसला की नळावरचं बोलणं थांबे. एकदा शेजारच्या पोरीनं लांबूनच 'मास्तर' म्हणून हाक मारली, तर तिच्या आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि तिला आत ओढलं. रुपरावनं मान खाली घालून सायकल पुढं नेली. आपलं काय चुकलं, ते त्याला कळेना. विचारावं असं माणूसही नव्हतं.

शेवटी तो ठाण्यात गेला.

"गजभिये? सक्करदरा?" मुन्शी म्हणाला. "तुमचा रिपोर्ट तर कधीचाच वर गेला ना."

"पण माझ्याकडे कोणी आलंच नाही."

"आमचा माणूस जाऊन आला म्हणजे आला. आता पुढचं मुंबईचे पासपोर्टवाले पाहतीन."

रुपराव हलक्या मनानं परतला. चौकशी बहुधा कॉलेजातच झाली असावी. शेजाऱ्यांवाचून काम भागलं, हे बरंच झालं. इथं त्याच्यासाठी चांगला शब्द कोण टाकणार होतं?

डिसेंबर संपला. पासपोर्ट आला नाही. झांबियावाल्यांचं दोन ओळींचं पत्र तेवढं आलं. थांबणं शक्य नसल्यामुळे जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली होती.

त्या संध्याकाळी तो दिवा न लावता उंबऱ्यावर बसून होता. यमुताई ताट घेऊन आल्या. भाकर, वांग्याची भाजी, वर कांदा. वर्षभरात पहिल्यांदाच. त्यांच्या मागं चंपतराव उभे होते.

"जेवून घे," यमुताई म्हणाल्या. "तोंड पाह्य कसं उतरलं. म्या म्हटलं नव्हतं काय चंपतराव, पोराले कोणीतरी सांगतलंच असन."

"काय सांगतलं असन?" रुपरावनं विचारलं.

"पोलिसाचं. तू घाबरशीन म्हणून लपवून ठेवलं गा. साधे कपडे घालून आला होता, पण आम्ही काय ओळखत नाही त्याइले? तुह्यं काय भानगड असन ते असो, आम्हाले नाही विचारायचं."

रुपरावच्या हातातली भाकर तशीच राहिली.

चंपतराव गुडघ्यावर हात टेकत हळूच त्याच्याजवळ बसले.

"माह्या बळीरामच्या वक्ती म्या खरं सांगतलं होतं," ते म्हणाले. "हेच घर, आत झोपला आहे म्हटलं. या वक्ती चुकलो नाही, बापू. घराघरातून त्याले एकच उत्तर भेटलं: रुपराव गजभिये नावाचा माणूस इथं राहतच नाही."