एक जून

“आजोबा, विडी घ्यायची तर वयाचा पुरावा दाखवा. जन्मतारीख टाकल्याशिवाय बिलच निघत नाही,” दुकानातली शबाना म्हणाली.

गेनबांनी टोपी काढून टक्कल पुढे केलं. “हा काय पुरावा!”

हसत हसत तिनं आधार कार्ड मागून घेतलं. “एक जून.”

“ती गुरुजींनी ठोकून दिलेली. शाळेत घालताना आख्ख्या वर्गाला एकच तारीख! खरी कुणाला ठाऊक? आई म्हणायची, तू झालास तेव्हा रानात हुरडा आलेला.”

माघात गेनबा विडीला गेले, तेव्हा शबानानं आधी त्यांच्या हातावर हुरड्याची ऊन ऊन पुडी ठेवली.

“वाढदिवस आहे ना तुमचा?”

पंचाहत्तर वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पुडी छातीशी धरून गेनबा घरी निघाले. विड्या काउंटरवरच राहिल्या.