बोटभर फट

नातीच्या खेळण्यातल्या आगगाडीसाठी लाकडी रूळ करायला घेतले आणि त्या रुळांच्या वर्तुळाने आजोबांना अगदी मेटाकुटीला आणलं. एकेक वळण केसभर चुकायचं आणि शेवटच्या सांध्याशी बोटभर फट उरायचीच. चांगल्या लाकडाचा नुसता भुगा झाला, अंगठा सोलवटला.

"अहो, विकतचे आणा ना," आजी गॅरेजच्या दारातून म्हणाली.

"विकतचे कुणीही आणेल!" आजोबा तिच्यावरच खेकसले.

अखेर आज शेवटचा तुकडा टक्कन बसला. इंजिन कुठेही न अडखळता गोल फिरून आलं. आजोबांनी मोठ्या ऐटीत नातीकडे पाहिलं, तर तिचा चेहरा पडलेला.



"आजोबा, ही गाडी तर सारखी इथेच परत येतेय. मग बाबांना आणायला कशी जाणार?"